सात गोसाव्यांचं धन

जानकूला कुणी बोलतं केलं की त्याच्या जिभेला लगाम राहत नसे. ओतूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात, गोसाव्यांचा एक पडका मठ आहे. साठीचा हा मेंढपाळ रोज तिथं झाडलोट करी, दिवा लावी. पगार नाही, मान नाही. घराण्याचं काम म्हणून करायचं, बस्स.

मठाची गोष्ट त्याला बापानं सांगितलेली. पाच-सहाशे वर्षांपूर्वी लुटारूंची धाड आली. मेंढपाळ घाबरून कळप घेऊन मठात शिरले. गोसाव्यांनी मेंढपाळांसकट मेंढरं तळघरात कोंडली आणि स्वतः दारात उभे राहिले. सातही जण कापले गेले, पण एकानंही तळघर दाखवलं नाही. मागाहून मेंढपाळांनी त्यांना त्याच तळघरात, गोसाव्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवून, मीठ घालून पुरलं. वर शिळा बसवली. ती हलवायची नाही, ही जानकूच्या घराण्याची शपथ.

ओतूरच्या कॉलेजातली श्रेया मोबाईलवर हे टिपायला आली, तेव्हा गडी रंगात आला. "आमच्या धनापायी सात गोसावी मेलं, पोरी. पर तळघर कुठं हाय ते त्यांनी सांगितलं न्हाई, अन् मी बी सांगायचो न्हाई!"

मेंढपाळाच्या बोलीत धन म्हणजे मेंढरं. हे श्रेयाला ठाऊक नव्हतं. तिनं तो व्हिडिओ मोबाईलवरून सगळीकडं पसरवला; तो बघणाऱ्यांना तर कुठून असणार?

चैत्रातल्या भर दुपारी तिघे जीपमधून मठावर आले. एकानं येताच जानकूच्या मनगटावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज जानकूनं स्वतःच्या कानांनी ऐकला.

"धन कुठाय, म्हाताऱ्या?"

"अरं राव, धन म्हंजे मेंढरं! दुसरं काय न्हाई!"

"आम्हाला शेंडी लावतो व्हय? मेंढरं काय! मग बघ आता तुझं धन."

तिघांतल्या कोयतेवाल्यानं मठात सावलीला बसलेल्या कळपातली गाभण मेंढी ओढली आणि गळा चिरला. मग दुसरी. मग तिसरी. रक्त फरशीवरून जानकूच्या पायांपर्यंत आलं. प्रत्येक वेळी ते विचारत आणि प्रत्येक वेळी तो नकाराची मान हलवी. दात पडले, कान फाटला, पण शिळेकडं त्यानं नजरसुद्धा वळवली नाही. मेला असता तरी त्याला चाललं असतं.

नववी मेंढी तडफडत असताना बायको, बानूबाई, भाकरी घेऊन आली. हातातली पाटी तशीच पडली. ती किंचाळली, "दाखवा की वो! त्या गोसाव्यांनी मेंढरांसाठी जीव दिला, अन् तुमी मेंढरंच कापून घेताय व्हय?"

जानकूनं हनुवटीनं शिळा दाखवली.

पहारी लागल्या. आत सात सांगाडे बसलेले होते. तिघांनी ते पायांनी उधळले, कवट्या फोडल्या, मीठ उपसलं. तळाशी निघाला तो वाळून दगड झालेल्या लेंड्यांचा थर. त्यातही त्या हरामखोरांनी हात घालून चाचपलं, मग शिव्या देत, उरलेल्या कळपावर जीप घालत ते पसार झाले.

बापाची गोष्ट अक्षर न् अक्षर खरी होती. जानकूला मात्र शिळेपायी त्यानं कापू दिलेल्या नऊ मेंढ्याच समोर दिसत होत्या. तो मोडका हात पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडला.

"मी बी धाडीतलाच निघालो गं, बानू," तो म्हणाला.