पांढरी गल्ली

गटाराचं झाकण उचललं की आधी तोंड फिरवायचं आणि मग वाकायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी नाकानं शिकवलं. शहराचं मैलापाणी बाटलीत भरून लॅबला पोचवणं हे त्याचं काम. श्वासाच्या आजाराचा विषाणू माणसाच्या पोटातून शेवटी गटारालाच लागतो. दवाखान्यात रांग लागायच्या आठवडाभर आधी पाण्याला कळलेलं असतं, असं लॅबच्या मॅडम सांगायच्या. पाण्याचा नमुना आणतो म्हणून खात्यातले लोक त्यालाच 'नमुना' म्हणत. तोही हसायचा, "अरे, अख्ख्या शहराचं पोट मला ठाऊक आहे. जपून बोला."

अकरा जागांची अकरा झाकणं. दोरीला बांधलेला डबा खाली सोडायचा, बाटली भरायची, नंबर चिकटवायचा, बर्फाच्या पेटीत ठेवायची. लॅबच्या भिंतीवर नकाशा होता. विषाणू वाढला की तो भाग लाल, थोडा असला की पिवळा. बाकीचं पांढरं.

त्या थंडीत सात नंबर लाल झाला. सात नंबरात त्याचा थोरला भाऊ राहायचा, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. कापसाच्या कारखान्यात तीस वर्षं काढून छातीची चाळणी झालेली. हा त्याच दुपारी तिथं जाऊन उभा राहिला.

"दादा, चल माझ्याकडं. महिनाभर राहा."

"का? तुझ्या गटारानं निरोप धाडला?"

"हो, गटारानंच. इथं रोग वाढलाय. माझी गल्ली बघ, नकाशावर पांढरीफेक आहे. एक ठिपका नाही."

"मला काय धाड भरलीय इथं?"

"वहिनी, तुम्ही सांगा याला."

वहिनी म्हणाल्या, "सांगते. पण भावजी, यांना न्यायचं तर गादी, वाफेचं मशीन आणि यांची कटकट, तिन्ही उचलावं लागेल."

तिन्ही उचलून आणलं, वहिनीही सोबत आल्या. अंगणात खुर्ची टाकली. दादा उन्हात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचा, आणि याला वाटायचं, चला, एवढी वर्षं घाणीत हात घातल्याचं आज सार्थक झालं.

चौथ्या दिवशी दादाला ताप भरला. सहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी रिकामी गादी तेवढी परत आली.

दोन दिवसांनी सकाळी शेजारी संडासाची टाकी उपसायची गाडी आली. जाडजूड पाइप गल्लीत आडवा पडला. लहानपणापासून पाहिलेला पाइप, त्यात नवल ते काय! तो पाइप ओलांडायला याचा पाय उचलला आणि अधांतरीच राहिला. या गल्लीचं पाणी गटाराला जातच नव्हतं. प्रत्येक घराची आपापली टाकी, वर्षाकाठी गाडी येऊन उपसणार. इथली बाटली त्यानं एकदाही भरली नव्हती, भरणार कुठून? न विचारलेलं आणि नसलेलं, नकाशात दोन्हीला एकच रंग होता. शहराचं झाकण अन् झाकण पाठ असलेल्या माणसाला स्वतःच्या परसातलं दिसलं नव्हतं.

चार घरं उपसून झाल्यावर त्यानं गाडीतूनच बाटली भरून घेतली.

मॅडमनी विचारलं, "नंबर कुठाय हिचा?"

"नंबर नाही. माझ्या गल्लीचं आहे."

तिसऱ्या दिवशी निकाल आला. रग्गड विषाणू.

"मॅडम, हा भाऊ यायच्या आधीचा, की त्याच्यासंगं आलेला?"

त्यांनी कागद दोनदा पाहिला. "त्यांना येऊन पंधरवडा होत आला ना? आता नाही सांगता येणार. पाण्याला तारीख नसते हो."

घरी वहिनी दादाचा पेला घासत बसल्या होत्या. सकाळीही तोच घासत होत्या. दादा गेल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, "निघायच्या आदल्या दिवशी शेजारणीचं तान्हं घेतलं मी मांडीवर. खोकत होतं. माझ्याच अंगावरून आलं. माझ्या हातानं मारलं मी यांना." जेवण सुटलं होतं. सांगून कुणाचं ऐकत नव्हत्या.

तो चपला न काढताच दारात बसला.

"वहिनी, पाण्याचा निकाल आला. रोग इथंच होता. तुम्ही यायच्या आधीपासून."

पेल्यावरचा हात थांबला. "नक्की?"

"नक्की. तारखेनिशी आलंय. माझ्याच गल्लीनं खाल्लं दादाला. मीच आणलं त्याला इथं."

"म्हणजे आम्ही तिथंच राहिलो असतो तर..." पुढचं त्यांनी गिळलं. पेला पालथा घातला, हात पुसले आणि कपडे भरायला घेतले.

रिक्षा आली. पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला, तशी त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली.

"राहू द्या, भावजी."

"पोचल्यावर दोन घास खा, वहिनी."

"खाईन," त्या तुटक म्हणाल्या, आणि त्याच्याकडं न बघता रिक्षात चढल्या.