रायटिंगला सहा बँड

तुम्ही कधी स्वतःच्या पोरीचं न ठरलेलं लग्न मोडलंय का? मी मोडलंय. तेही बॉलपेननं, उभ्या उभ्या, चार ओळींत. सांगते सगळं, पण हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा माझ्या जावेची साडी खराब झाली.

तर आमची प्रणिता. इथंच नांदेडला शिकली, आता पुढचं शिकायला तिला आयर्लंडला जायचंय. तिकडच्या कॉलेजनं जागाही दिली, पण आधी इंग्रजीची एक परीक्षा देऊन दाखव म्हणाले. ती परीक्षा पोरगी हैदराबादला जाऊन देऊन आली. निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी अंबाडीची भाजी निवडत बसले होते.

"आई, रायटिंगला सहाच बँड आले," एवढं म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली.

आता बँड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काय येणार? लाल कोट, पिवळ्या झालरी आणि नवरदेवापुढं नाचणारे मामा. शेजारच्या शाहीन भाभी ब्लाउजचं माप घ्यायला आल्या होत्या, त्याही गोंधळल्या. "सहा? हमारे आरिफ के शादी में एकच था, उसनेच कान फोडे," म्हणाल्या.

भाभी गेल्यावर आमच्या ह्यांनी उलगडा केला. "अगं, तिकडं मार्काला बँड म्हणून राहिलेत."

मग प्रणितानं उठून समजावलं. ऐकणं, वाचणं, बोलणं आणि रायटिंग असे चार भाग. प्रत्येकाला नऊपैकी बँड. तिला सरासरी सात आले होते, आणि सात म्हणजे चांगलेच. पण कॉलेजची अट अशी, की कुठल्याही एका भागात साडेसहाच्या खाली यायचं नाही. आणि रायटिंग अडकलं सहावर.

म्हणजे अर्ध्यासाठी! आमच्या शाळेत एवढ्यासाठी सर नुसतं गालात हसायचे आणि अर्धा वाढवून टाकायचे. इथं कुणाकडं बघून हसायचं?

आता तिच्यापुढं तीन रस्ते. पेपर पुन्हा तपासायला टाकायचा, नाहीतर एकटा रायटिंगचा भाग परत द्यायचा, नाहीतर ते कॉलेज सोडून सहावर घेणारं दुसरं धरायचं. पण तिच्या आवडीचा विषय त्या पहिल्याच कॉलेजात होता. पोरगी एकदा हे म्हणायची, एकदा ते. "परत दिला आणि साडेपाच आले तर?" असं म्हणून ताट सरकवून द्यायची. लातूरला माझा भाचा दोन वर्षं परत परीक्षा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला होता. त्याचा उतरलेला चेहरा आठवून मीही अर्ध्या भाकरीवर उठायची.

आणि आता माझी गंमत ऐका. माझं शिक्षण दहावी. रायटिंग या शब्दाचा मला एकच अर्थ ठाऊक, तो म्हणजे अक्षर. आमचे इंग्रजीचे सर वही फेकायचे आणि म्हणायचे, "रायटिंग सुधार!" तेव्हा ते दुसरं कशाबद्दल बोलायचे सांगा बरं?

तरी मी चौकशी केली नाही असं नाही. रात्रीच्या भाकरी थापता थापता नीट विचारलं, की बाई, नेमकं चुकलं काय?

"मांडणीच नाही माझ्या रायटिंगला," ती म्हणाली.

बरोबर आहे, मी मनात म्हटलं. लहानपणापासून समास सोडायची सवय नाही.

"आणि जोडणी कमी पडली. एकाला एक जोडून यायला पाहिजे ना, तसं नाही आलं."

हेही बरोबर. इंग्रजी अक्षरं जोडून काढायला तिला कधी जमलंच नव्हतं.

"शेवटी घाई झाली आणि विषय सोडून गेले मी."

हे काही मला कळलं नाही, पण दोन कळल्यावर तिसऱ्याला कोण अडतं? मी तिच्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे पिठाचाच ठेवला, आणि छातीठोक सांगितलं, "प्रणिता, तुझं रायटिंग मी पहिलीपासून बघते. महिन्यात सुधारतंय ते. तू परत दे परीक्षा, बाकी माझ्यावर सोड."

पोरीचे डोळे भरून आले. "खरंच वाटतं तुला?"

"अगं, खात्री आहे."

कशाची खात्री होती, ते तुम्हाला कळलंच असेल. तिला मात्र कळलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला पांचाळ गुरुजी राहतात. अहमदपूरच्या शाळेतून रिटायर झाले, आता घरी लेकरांचा सुंदर अक्षराचा वर्ग घेतात. दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं मी त्यांच्याकडं गेले, तर दाराला कुलूप. म्हटलं, चिठ्ठी तरी ठेवावी. पिशवी काखेत, कागद भिंतीला टेकवलेला, उन्हानं डोळे मिटून राहिलेले. अशात मी लिहिलं: "गुरुजी, प्रणिताला बँड सहा आले. मांडणी नाही. जोडणी नाही. विषय सोडून गेली. पोरगी जेवत नाही. घरी येऊन जावे." चिठ्ठी कडीत खोचली आणि घरी आले.

संध्याकाळी गुरुजी आले. एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी सांत्वनाला आल्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले. चहा पुढं केला तर "राहू द्या" म्हणाले. नेमक्या त्याच वेळी शाहीन भाभी शिवलेला ब्लाउज घेऊन दारात उभ्या राहिल्या.

गुरुजींनी प्रणिताला जवळ बोलावलं. "बेटा, झालं ते झालं. एक विजय सोडून गेला म्हणून काय आयुष्य थांबत असतंय का?"

आमच्या ह्यांनी टीव्ही बंद केला. क्रिकेट चालू असताना, हे लक्षात घ्या. "कोण विजय?"

"मला काय माहीत?" प्रणिता म्हणाली.

"कोण विजय?" आता हे माझ्याकडं वळले. जणू मीच त्याला आत लपवलं होतं.

"लपवू नका," गुरुजी हळूच म्हणाले. "मांडव न्हाई, जोडवी न्हाई, अन् दारात सहा बँड येऊन उभे. केवढ्या हौसेनं केलं असंल तुम्ही. माझं तर वाचूनच काळीज हाललं."

"या अल्ला," भाभी दारातूनच म्हणाल्या, "वो छे बँड इसके वास्ते थे? और हमकू बोले भी नै!"

गुरुजींचं चालूच होतं. "लोकांकडं बघू नका. एकदा मोडलं म्हणून पुन्हा मांडव घालायचाच न्हाई, असं थोडंच असतंय? पुन्हा घाला. लेकरू गुणाचं हाय."

आणि त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

प्रणितानं ती घेतली. उजेडात धरली, तिरपी केली, माझ्याकडं बघितलं. मग ती भिंतीला टेकून जी हसायला लागली, ती पार खाली बसली. निकाल लागल्यापासून पहिल्यांदा हसत होती.

"आई, गुरुजींना का बोलावलंस तू?"

"तुझं रायटिंग सुधारायला."

"अगं, कॉम्प्युटरवर टाईप करून दिली मी परीक्षा. अक्षर कुठून आलं त्यात? निबंध कसा लिहिला, त्याचे मार्क असतात ते."

तिचं हसू हळूहळू ओसरलं. "म्हणजे महिन्यात सुधारतं म्हणालीस, ते अक्षराचं?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"अन् तुझ्या त्या एका वाक्यावर मी परत द्यायचं ठरवलं होतं."

जमीन दुभंगावी असं वाटणं काय असतं, ते मला त्या क्षणी कळलं. आता ही पुन्हा आत जाऊन पडणार, ते कॉलेज सोडणार, आणि पाप माझ्या माथी. पण ती चिठ्ठीकडंच बघत बसली होती. मग म्हणाली, "माझंही असंच झालं असंल बघ. माझ्या मनात विषय होता आणि तपासणाऱ्यानं विजय वाचला. नीट पोचेल असं लिहायला शिकते. देते परत."

आणि उठून तिनं अंबाडीच्या भाजीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या.

गुरुजींनी थंड झालेला चहा घेतला. आलोच आहे तर बघतो म्हणून प्रणिताची एक जुनी वही मागून घेतली, दोन पानं चाळली. "हिला काही गरज न्हाई," म्हणाले. मग माझी चिठ्ठी पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेली, घडी घालून माझ्या हातात दिली आणि अगदी आदबीनं म्हणाले, "ताई, वर्ग सकाळी सातला असतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणितानं रायटिंगच्या परीक्षेची तारीख घेतली, आणि मी दुरेघी वही घेऊन दुसरीतल्या लेकरांच्या रांगेत बसले आणि पानभर "विषय" गिरवला.