सकाळच्या गाडीसाठीचे अर्ज

आमच्या भागाचे एक माजी आमदार वारले. वर्षभराने त्यांच्या मुलीने त्यांचे सगळे कागद जुन्नरच्या एका वाचनालयाला दिले. पत्र्याच्या नऊ पेट्या होत्या. तिथली ग्रंथपाल माझी जुनी विद्यार्थिनी. मी शाळेतून निवृत्त होऊन घरीच होते. ती म्हणाली, "बाई, जुनं हस्ताक्षर तुम्हालाच वाचता येतं. यादी करायला याल का?"

मी जाऊ लागले. गंजलेली टाचणी जपून काढायची, पत्र कुणाचं, कुठल्या गावचं, कशाबद्दल ते वहीत लिहायचं आणि कागद फायलीत ठेवायचा. विहीर, साकव, शाळेची खोली, मास्तरची बदली, मधूनच एखादी लग्नपत्रिका. समासात आमदारांचा लाल पेन्सिलीचा शेरा असायचा आणि मागे त्यांच्या उत्तराची कार्बन प्रत.

चौथ्या पेटीत तळेघरचा गठ्ठा निघाला. तळेघरच्या पलीकडची वाडी हे माझं माहेर. वरचाच अर्ज मी हातात घेतला. अक्षर माझ्या ताईचं होतं. ताई आधी सगळी ओळ लिहून घ्यायची आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शिरोरेघ ओढायची. शब्दांमध्ये ती रेघ कुठंच तुटायची नाही. गुरुजी ओरडायचे, पण ती तशीच लिहायची.

हा अर्ज मला ठाऊक होता. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सातवीत पहिली आली आणि तिथंच थांबली, कारण हायस्कूल खाली घोडेगावला आणि तळेघरला येणारी एकुलती एक एसटी गाडी दुपारची. शाळेच्या वेळेला गाडीच नव्हती. मुलगे वसतिगृहात राहायचे, मुली भाताच्या खाचरात जायच्या. सकाळची गाडी सुरू करावी म्हणून ताईनं वाडीच्या वतीनं अर्ज लिहिला. खाली सगळ्यांचे अंगठे. मी तिसरीत होते आणि शाईची डबी धरून बसले होते.

पुढच्या वर्षी ताईचं लग्न झालं. ती मढला गेली, पार माळशेजच्या वाटेवर. मी सातवी झाले त्याच वर्षी सकाळची गाडी सुरू झाली. त्या गाडीनं मी हायस्कूल केलं, पुढं डीएड केलं, शिक्षिका झाले. मी दहावीत असताना ताई काविळीनं गेली.

या सगळ्या वर्षांत ताईनं मला एकही पत्र लिहिलं नाही. घरात लिहिता येणारी तीच, मग मी. तरी पोस्टमन यायचा आणि आमच्या दारावरून पुढं जायचा. मी मनात अढी धरली. एका दिवाळीला ती आली होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "गाडीला लई गर्दी असती का गं? बसायला मिळतं का?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "मिळतं." एवढंच. ती पुढची भाकरी थापू लागली.

त्या अर्जाखाली चार आंतरदेशीय पत्रं होती. पाठवणाऱ्याचा पत्ता मढचा. अक्षर तेच.

पहिल्यात लिहिलं होतं, "मी आता तळेघरला नसते, परंतु गाडीची गरज तशीच आहे. माझी धाकटी बहीण चौथीत आहे." पुढच्या वर्षीचं पत्र तसंच, फक्त चौथीच्या जागी पाचवी. मग सहावी. त्या पत्राच्या समासात लाल पेन्सिलीनं शेरा होता : "बाई आपल्या मतदारसंघातील नाहीत. काम मात्र आपले आहे. पाठपुरावा करावा."

चौथं पत्र लहान होतं. "गाडी सुरू झाल्याचे समजले. माझी बहीण त्या गाडीने शाळेत जाते. बसायला जागा मिळते, असे ती म्हणाली. आपली आभारी आहे."

ग्रंथपाल पाणी घेऊन आली. मी पत्र तिच्यापुढं सरकवलं.

ताई माझ्यासाठी एवढं लिहीत होती आणि मी तिच्या पत्राची वाट बघत होते. खरं सांगते, अजूनही वाटतं, एक तरी मला लिहायचं होतंस. चार ओळी. गाय व्याली, पाऊस झाला, तू कशी आहेस.

रविवारी मी मढला गेले. दाजी म्हातारे झालेत, ओट्यावर बसून असतात. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. मी मोबाइलवर काढलेले पत्रांचे फोटो दाखवले आणि ती वाचून दाखवली. शाळा त्यांना मिळालीच नाही.

"टपालात टाकाय मीच न्यायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं, म्हायेरी लिवती. तुमास्नी."

"आम्हाला एकही आलं नाही, दाजी."

त्यांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ धरून बघितला. मग म्हणाले, "तिच्या हातचं घरात कायच न्हाई ऱ्हायलं. फोटूबी नाय. त्यो कागूद बघाय मिळंल का?"

मंगळवारी मी त्यांना जुन्नरला घेऊन आले. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. चप्पल बाहेर काढून आत आले. ग्रंथपालनं टेबल पुसून चौथं पत्र त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोन्ही हात आधी धोतराला पुसले.

"नाव कुठं लिवलंय तिनं?"

मी त्यांचं बोट धरून सहीवर ठेवलं.

"म्हायेरचं हाय का आमच्याकडचं?"

"तुमच्याकडचं, दाजी. पुढं तुमचं नाव, मग आडनाव."

"माजं बी?"

"हो."

त्यांनी बोट तिथून हलवलं नाही. एक वाजला, ग्रंथपाल दुपारची कुलपं लावायला आली. आम्हाला बघून ती दारातूनच परत गेली.