ब्रेक चांगले होते

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण हे एक अजून जसंच्या तसं आठवतं. मध्यंतरी त्यातला एक माणूस वारला, म्हणून ते पुन्हा वर आलं. नाशिकमध्ये गाड्यांची हौस असलेल्या प्रत्येकाला तो माहीत असणार. जुन्या जीपा कापून, जोडून गिऱ्हाइकाच्या मनासारखी नवीच गाडी उभी करून देणारा कारागीर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याची शेड होती आणि तिथे पार मुंबईहून लोक यायचे. नाव लिहीत नाही. सगळे त्याला उस्ताद म्हणत, मीही तेच म्हणतो.

त्याची ख्याती दोन्ही तऱ्हेची होती. गाडी अशी बनवायचा की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. पण तीन महिन्यांचा वायदा करून दोन-दोन वर्षं गाडी अडकवून ठेवायचा आणि विचारायला आलेल्याला शेडबाहेर काढायचा. माझ्या पोलीस ठाण्यात त्याच्याविरुद्ध फसवणुकीचे दोन अर्ज होते. चौकशीला बोलावलं की ‘वेल्डिंग चालू आहे, नंतर येतो’ असा निरोप यायचा. हा नंतर कधी उगवत नसे.

प्रकरण अपघाताचं. दुपारी साडेतीनच्या सुमारास सातपूरला पहिली पाळी संपवून सायकलवर घरी निघालेल्या एका कामगाराला त्र्यंबक रोडवर मागून जीपने उडवलं. तो जागीच गेला. जीप न थांबता पुढे गेली आणि वळणावर एका दगडावर चढून अडकली. आमचे लोक पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. गाडीजवळ एकच माणूस हात जोडून उभा होता. तो एका बड्या द्राक्ष व्यापाऱ्याचा ड्रायव्हर, मूळचा घोटीकडचा, बुटका, किडकिडीत. जीप त्या व्यापाऱ्याची, आणि त्याचा बंगला तिथून हाकेच्या अंतरावर. ‘मीच चालवत व्हतो साहेब, ब्रेक लागला नाय,’ एवढंच तो म्हणत होता.

गाडी उंच, काचा काळ्या. चालवणारा कुणालाच दिसला नव्हता. पंचनामा झाला, क्रेनने जीप ठाण्याच्या आवारात आणली. आरटीओच्या निरीक्षकाने तपासून अहवाल दिला की ब्रेकचा पाइप तुटलेला आहे, ब्रेक निकामी. ड्रायव्हरला अटक दाखवून जामिनावर सोडलं आणि रोज हजेरी लावायला सांगितलं. पेपरात बातमी आली की नामांकित उस्तादाने बनवलेल्या जीपचे ब्रेक ऐनवेळी निकामी झाले.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एक निनावी फोन आला. गाडी मालकाचा मुलगा चालवत होता, नीट विचारा, एवढं बोलून समोरच्याने फोन ठेवला. श्रीमंताच्या गाडीचा अपघात झाला की असे फोन येतातच. निम्मे खरे असतात, निम्मे जुन्या भांडणातून आलेले. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली.

मी ड्रायव्हरला चार वेळा समोर बसवलं. पुढून विचारलं, मागून विचारलं, चहा देऊन विचारलं, आवाज चढवून विचारलं. चारही वेळा तेच शब्द, त्याच क्रमाने. खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. कुठे अडखळतो, कुठे त्याला नवीनच काही आठवतं. पाठ केलेलं मात्र शाळेतल्या कवितेसारखं बाहेर पडतं. माझी शंका वाढली, पण शंकेवर दोषारोपपत्र जात नाही. मालकाचा मुलगा त्या दिवशी पुण्यात होता असं सांगणारे त्याचे तीन मित्र हजर होते. इकडे कबुली होती, अहवाल होता, आणि वरून ‘साधा अपघात आहे, लवकर संपवा’ असा सूर होता. मी ड्रायव्हरविरुद्धच कागद पाठवायचं ठरवलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ठरवलं होतं हे खरं.

अशात एका सकाळी उस्ताद स्वतःच्या पायांनी ठाण्यात आला. बोलावल्यावर न येणारा माणूस, न बोलावता. हाताला ग्रीस आणि मुठीत तो पेपर. मी मुद्दाम त्याला पाऊण तास बाहेर बाकावर बसवून ठेवलं. जुने अर्ज डोक्यात होते ना. आत आला तो थेट माझ्या टेबलावर पेपर आपटून म्हणाला, “माझ्या गाडीचे ब्रेक फेल झाले असं कोण म्हणतं?”

मेलेल्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. मला संताप आला. ड्रायव्हर तेव्हाच हजेरीची सही करायला अंमलदाराच्या टेबलाशी आला होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. हाच म्हणतो, कारण गाडी हाच चालवत होता, असं सांगितलं.

उस्तादाने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“हा? ह्याचा पाय पोचतो का क्लचला?”

मग त्याने सांगितलं ते असं. ती जीप त्याने मालकाच्या मुलासाठी बनवली होती. मुलगा सहा फूट दोन इंच. शिंपी मापं घेतो तशी त्याने त्या मुलाच्या मांडीची, गुडघ्याची, हाताची मापं घेतली, पेडल पुढे सरकवली आणि सीट मागे नेऊन कायमची वेल्ड करून टाकली. ती पुढेमागे होतच नाही.

मी म्हणालो, तुमच्याविरुद्ध दोन अर्ज माझ्या कपाटात आहेत, तुमच्या शब्दावर मी का विश्वास ठेवायचा?

“नकाच ठेवू,” तो म्हणाला. “त्याला गाडीत बसवा आणि बघा.”

आठ दिवस जीप आमच्या आवारात उभी होती. काचा, चाकं, रक्ताचे डाग, सगळं आम्ही टिपलं होतं. तिच्यात बसून मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. मुद्देमालात बसायचं नाही ही आमच्या खात्याची जुनी शिस्त, आणि त्या शिस्तीने चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती.

मी दोन पंच बोलावले. ड्रायव्हरला सीटवर बसवून क्लच पूर्ण दाबायला सांगितलं. त्याने पाय लांब केला. चवडा पेडलच्या अलीकडेच राहिला. तो खाली घसरला, आणखी घसरला, शेवटी पेडल कसंबसं दबलं तेव्हा त्याची नजर स्टिअरिंगच्या खाली गेली होती. समोरचा रस्ता सोडा, बॉनेटही दिसत नव्हतं.  मग तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडायला लागला.

मालकाने ड्रायव्हरच्या मुलीला नर्सिंगच्या कॉलेजात घालायचं कबूल केलं होतं. बंगल्यामागची राहती खोलीही त्याच्या नावावर करून देणार होता. बदल्यात त्याने गुन्हा अंगावर घ्यायचा. सगळं सांगून झाल्यावर त्याने मला विचारलं, “आता माझ्या पोरीचं काय, साहेब?”

मी कागद ओढून त्याचा जबाब लिहायला घेतला. 

उस्तादाचा जबाब घेण्याआधी मी त्याला स्पष्ट कल्पना दिली. परवानगीशिवाय गाडीत असे बदल करणं गुन्हा आहे, जबाब दिलात तर तुमच्यावरही कारवाई करणार, शेड बंद राहील. मला वाटलं आता हा मागे सरेल. तो म्हणाला, “लिहा. पण सगळ्यात आधी लिहा की ब्रेक चांगले होते.”

तेही तपासून घेतलं. आरटीओच्या फेरतपासणीत पाइप दगडावर आपटून तुटल्याचं निघालं, म्हणजे धडकेच्या नंतर. पुण्याचे तिन्ही मित्र वेगवेगळे बसवल्यावर तासाभरात फुटले. मालकाच्या मुलाला अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. ड्रायव्हरला मी साक्षीदार केलं. त्याची खोली त्याच आठवड्यात गेली, मुलीचं नर्सिंग राहिलं, आणि तो घोटीला परतून एका भात गिरणीवर टेम्पो चालवायला लागला. उस्तादाची शेड पाच महिने बंद होती. कारवाईच्या कागदांवर सही माझीच.

शेड पुन्हा उघडल्यावर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा आत डोकावलो. म्हटलं, या माणसाचे आभार तरी मानावेत. तो एका गाडीखाली आडवा होता. मी म्हणालो, तुमच्यामुळे एक निरपराध माणूस सुटला. तो बाहेर न येताच म्हणाला, “कोण माणूस?”

मी दोनदा आठवण करून दिली, पण त्याला तो ड्रायव्हर आठवेना. फेरतपासणीचा अहवाल फायलीत लागला का, हे मात्र त्याने विचारलं.

तो गेला त्या दिवसापासून फोनवरच्या ग्रुपांत भांडणं चालू आहेत. कुणी म्हणतं असा कलावंत होणे नाही, कुणी म्हणतं माझी गाडी चार वर्षं सडवली. दोन्ही खरं आहे. मी पस्तीस वर्षं माणसांचे दोन ढीग करत आलो, विश्वासू आणि बेभरवशाचे, आणि पहिल्या ढिगातल्यांना खुर्ची दिली, दुसऱ्यांना बाहेरचा बाक. त्या सकाळी उस्ताद बाकावरून उठून निघून गेला असता, आणि त्याच्या स्वभावाला ते शोभलंही असतं, तर एका गरिबाला मी सहीशिक्क्यासह तुरुंगाच्या वाटेला लावलं असतं आणि घरी जाऊन शांत जेवलो असतो.

परवा सोसायटीतल्या एकाने विचारलं, तुम्ही त्याला जवळून पाहिलंत, माणूस कसा होता? मी म्हणालो, त्याने माझ्या हातून एक पाप होऊ दिलं नाही, आणि हे शेवटपर्यंत त्याच्या गावीही नव्हतं.