नुसतं 'अश्लील' टाइप केलं

माझ्या सासूबाई कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. कामगारांच्या तक्रारींचे जबाब त्याच टाइप करत आल्या. तोंडाने इतक्या सोज्वळ, की घरात चड्डीलाही 'ते' म्हणतात. "ते वाळलं का बघ" म्हटल्यावर दोरीवरचं नेमकं काय काढायचं, हे लग्नानंतर कितीतरी दिवस मला उमगत नव्हतं. जबाबात कुणी शिवी सांगितली की त्यांची बोटं आपोआप वळत: 'अश्लील भाषेत बोलला.' साहेबांनाही ते बरंच वाटे, वाचताना कान तापत नसत.

मीही तिथेच पॅकिंगला. माझ्या शेजारी काम करणाऱ्या पोरीला सुपरवायझर नको ते बोलला. तिने ते सासूबाईंना मान खाली घालून, एकदाच, पण पूर्ण सांगितलं. सासूबाईंनी नेहमीसारखं 'अश्लील' टाइप केलं आणि पोरीने सही केली.

चौकशीत सुपरवायझर साळसूदपणे म्हणाला, "मी नुसतं 'हात चालव' म्हणालो. हिला त्यातही अश्लील दिसतं, त्याला मी काय करू?"

साहेबांनी जबाब चाळला. नेमके शब्द कुठेच नव्हते. "उद्या सगळ्यांसमोर सांग," ते पोरीला म्हणाले. "नाहीतर तक्रार खोटी धरून कामावरून काढावं लागेल."

त्या संध्याकाळी सासूबाईंचा पाय घरात ठरेना. दूध उतू गेलं. ते पुसायचं फडकं हातात घेऊन त्या गॅलरीत गेल्या आणि तशाच परत आल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि मी तो गिळला नाही.

"तुमच्या त्या एका शब्दाने त्याची कातडी वाचली, आई."

"अगं, मी तिचीच लाज राखायला गेले."

"तिची, की आपली?"

त्या बसल्या, उठल्या, बंद असलेला नळ पुन्हा बंद करून आल्या. जेवल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत सगळे साहेबलोक. पोरीचा बापही बोलावलेला, आणि तिच्या शेजारी काम करणारी म्हणून मीही. तिने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. सुपरवायझर घड्याळ बघू लागला.

तेवढ्यात जबाब टाइप करायला बसलेल्या सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि त्याचं ते अख्खं वाक्य बोलल्या. न अडखळता, जबाब वाचून दाखवावा तसं.

"अहो बाई, काय हे अश्लील बोलताय?" साहेब म्हणाले.

"मी नाही, हे बोललेत. हिने मला सगळं सांगितलं होतं. लिहायला मी कचरले."

मग त्या बसल्या आणि तेच टाइप करू लागल्या. अक्षरं चुकत होती, त्या खोडून पुन्हा मारत होत्या. झाल्यावर त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. "बघ गं, बरोबर आहे का?"

पोरगी वाकून वाचत राहिली. मग सरळ झाली.

"एक शब्द राहिला," ती म्हणाली, आणि सुपरवायझरकडे बघत तो तिने स्वतः सांगितला.