अकरावा खांब

कळवणहून नाशिकला येणाऱ्या एसटीत मी नववीच्या मुलांसाठी काढलेली बहुपर्यायी गणिती कोडी तपासत होतो. शेजारच्या बाई कागदात डोकावल्या. त्यांच्या हातांवर द्राक्षबागेतल्या तारांचे ओरखडे होते.

"मोठ्यानं वाचा की सर!"

मी वाचलं, "शंभर फुटांची ओळ. या टोकापासून त्या टोकापर्यंत दर दहा फुटांवर खांब. एकूण खांब किती? आठ, नऊ, दहा की बारा?"

त्यांनी बोटानं हवेत एकेक खांब रोवला आणि खदखदून हसल्या. "ह्यात उत्तरच नाय! अकरा लागतात. शेवटचा नसला तर तार काय तुम्ही धरून उभं राहणार?"

वीस वर्षं गणित शिकवतोय मी. 'दहा' खोडून 'अकरा' लिहिलं.

उतरताना बाई सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज मी सरांचा पेपर तपासला!"