सोपं वाटलं की भ्यायचं

जुलैतला दुसरा सोमवार, सकाळी साडेनऊ, नांदेड. हजर: मी, दादा, सविता वहिनी, तिची मुलगी ऋतुजा आणि शकूमावशीबरोबर नोकरी केलेल्या तीन सिस्टर. मावशी पहाटे झोपेतच गेली. मी लातूरहून पोचले तेव्हा सगळे नुसते बसून होते. मी कागद काढला आणि कामं वाटून दिली.

मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, इस्लापूरकडच्या एका दवाखान्यात तीस वर्षं नर्स होती. मी लातुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. माझा भरवसा तपासणीच्या यादीवर. मावशीची एक सवय मात्र मला कधी उमगली नाही. बाळंतिणीजवळ जाण्याआधी ती हात धुवायची आणि ओले हात जोडून, डोळे मिटून उभी राहायची. नवी नवी शिकत होते तेव्हा मी तिला सुनावलंही होतं, "मावशी, तेवढ्या वेळात नाडी मोजून होते."

"मोजते की. हात जोडले की नीट मोजली जाते."

त्याच सुमारास वहिनीचं पहिलं बाळंतपण मावशीकडेच करायचं ठरलं. भर दुपारी कळा वाढल्या. पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके मीच मोजले आणि कागदावर बरोबरची खूण केली. मावशीनं तपासलं, "सगळं सोपं हाय," म्हणाली, आणि लगेच पुन्हा हात धुतले, जोडले, पुन्हा नळी लावली. या वेळी कळ येऊन पुरती जाईपर्यंत तिनं कान काढला नाही.

"जीप काढा. नांदेडला न्यायचं."

दादा वैतागला. "आगं, आत्ताच सोपं हाय म्हणालीस! हजार लेकरं काढलीस की तू."

"त्यानं काढली. मी निस्ती हात धुऊन हुबी होते. बडबड कमी कर अन् ड्रायव्हरला उठव, जेवून घोरून राहिला तो."

नांदेडला ऑपरेशन झालं. नाळ गळ्याभोवती घट्ट आवळली होती. ऋतुजा रडली, तेव्हा मला माझा कागद आठवला. मी ठोके मोजले होते ते दोन कळांच्या मधे. कळेत मंदावलेले ठोके ती ओसरल्यावर किती रेंगाळत वर येतात, हे मी ऐकलंच नव्हतं.

पुढे मी तिला खोदून विचारलं, पुन्हा का तपासलंस?

"सोपं हाय म्हणाले ना, तवाच भ्याले."

"कुणाला?"

"देवाला. अजून कुणाला? मला लई कळतंय असं वाटलं की त्याचं भ्याव वाटतं. मग पहिल्यापासून बघते."

कितीतरी वर्षं मी याला भाबडेपणा समजत होते. आता वाटतं, तिचं शहाणपण त्या भीतीतूनच सुरू होत असावं. तीस वर्षांत एकही बाई तिनं 'नेहमीचीच' म्हणून तपासली नाही. हा प्रसंग मी वर्गात सांगते, माझ्या चुकीसकट.

जूनमध्ये करुणा नावाच्या विद्यार्थिनीनं हात वर केला. "मॅडम, आमच्या घरी देव मानत नाहीत. मग मी कुणाला भ्यायचं?" वर्ग हसला. ती हसली नाही. मी म्हणाले, मावशीला विचारून सांगते. त्या रविवारी फोन करणार होते. पाहुणे आले, म्हटलं उद्या करू, आणि असेच आठवडे गेले.

प्रसूतिकक्षातली करुणाची पहिली ड्यूटी येत्या गुरुवारी आहे. तिला उत्तर द्यायचं राहिलंय.